ट्रेनमागे धावू नका, बसकडे लक्ष ठेवा

(वाचक विचारतात, आम्ही सांगतो. या वेळी सगळे प्रश्न ओरेगॉनमधल्या बीव्हर्टन ट्रान्झिट सेंटरबद्दलचे आहेत. पोर्टलँडच्या पश्चिमेला हे स्टेशन, मॅक्स नावाची लाइट रेल, म्हणजे शहरातली छोटी ट्रेन, आणि ट्रायमेट या तिथल्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या बसेस इथे एकत्र येतात. इंटेल, नाइकी असल्यामुळे या भागात आपली बरीच मंडळी राहतात, आणि उन्हाळ्यात त्यांचे आईबाबाही येतात.)

प्रश्न: आम्ही दोघं (मी ७१, सौ. ६६) कोथरूडहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलोय. मुलगा-सून ऑफिसला गेले की दिवसभर खिडकीतून खारी मोजायच्या. घराजवळून ५७ नंबरची बस जाते आणि ती बीव्हर्टनला ट्रेनपाशी सोडते असं कळलं. मुलगा म्हणतो, बाबा तुम्हाला जमणार नाही, शनिवारी मी नेतो. त्याचा शनिवार काही उगवत नाही. आम्हाला जमेल का? तिकिटाचं काय?
एक वाचक, सध्या मुक्काम अलोहा

उत्तर: काका, स्वारगेटला संध्याकाळी सहा वाजता ज्याने बसमध्ये पाय ठेवून दाखवलाय त्याला इथे न जमायला काय झालं! जमेल, आणि मुलाला आधी सांगूच नका, परत आल्यावर फोटो दाखवा.

आधी तिकीट. दुकानातून किंवा स्टेशनवरच्या मशीनमधून हॉप नावाचं प्रवासाचं कार्ड घ्यायचं, दोघांची दोन वेगळी, एकाच कार्डावर दोघं असं चालत नाही. मोठ्यांचं तिकीट जानेवारी २०२४ पासून २.८० डॉलर झालं, पण ६५ च्या पुढच्यांना ते निम्मं, म्हणजे १.४०, आणि तुम्ही दोघंही त्यात बसता (काकूंना म्हणावं वय सांगायला लाजू नका, पैसे वाचतात). एकदा पैसे कापले की अडीच तास बस आणि ट्रेन दोन्ही त्यातच. दिवसभरात कितीही फिरलात तरी माणशी २.८० च्या वर कापत नाहीत. फक्त एक करायचं, हे कार्ड ज्येष्ठांच्या सवलतीचंच आहे ना ते बघून घ्यायचं आणि वयाचा पुरावा जवळ ठेवायचा, कारण बरेच जण मुलाचं क्रेडिट कार्ड किंवा फोन मशीनला टेकवतात, तेही चालतं, पण मग तिकीट पूर्ण लागतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता टेकवायचं कुठे, तर बसमध्ये चढल्यावर ड्रायव्हरजवळ आणि ट्रेनसाठी प्लॅटफॉर्मवरच, चढायच्या आधी. आपल्या मेट्रोसारखं उघडझाप करणारं गेट इथे नाही, त्यामुळे विसरायला होतं. बसमधून उतरून ट्रेनमध्ये जाताना परत टेकवायचं, अडीच तासांच्या आत असाल तर जादा पैसे कापत नाही. उतरताना काही करायचं नाही.

स्टेशन उघड्यावरचं आहे, जिने चढायचे नाहीत, पूल ओलांडायचा नाही, बसचे थांबे आणि रूळ एकाच आवारात. तिथून पोर्टलँडच्या दिशेची ब्लू किंवा रेड कुठलीही लाइन पकडा, पहिलं स्टेशन सनसेट, दुसरं वॉशिंग्टन पार्क. पहिल्या दिवशी एवढंच करा. वॉशिंग्टन पार्कचं स्टेशन डोंगराच्या पोटात २६० फूट खाली आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल. बोगदा खणण्याआधी ड्रिल करून काढलेला दगडाचा लांबलचक नमुना प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर आडवा लावलाय, वर सगळे काळ लिहिलेत. त्यात काळा बेसाल्ट दिसेल. तो कोलंबिया नदीच्या बाजूच्या लाव्हाचा, साधारण १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि आपला सह्याद्री असाच थरावर थर लाव्हा साचून झालेला, फक्त ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे दगडांमध्येही आपलाच सिनियर सिटिझन. बघून झालं की लिफ्टने वर, बाहेर पडलात की प्राणीसंग्रहालय समोरच.

दरवाज्याची एक गंमत सांगते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ट्रेन आली, आई बंद दारासमोर पर्स छातीशी धरून शांत उभी राहिली, आत्ता उघडेल मग उघडेल, आणि ट्रेन निघून गेली. मी दुसऱ्या दाराने आत चढलेली, काचेतून एकमेकींकडे बघतोय. दाराला बटण असतं, ते दाबायचं. पुढच्या स्टेशनवरून उलट आले तर बाई बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होत्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. परत येताना ट्रेनमागे अजिबात धावू नका. बीव्हर्टनपर्यंत ब्लू आणि रेड दोन्ही येतात, एक गेली तर पाठोपाठ दुसरी असतेच. वेळ बघायची ती बसची. तुमची ५७ दिवसभर साधारण पंधरा मिनिटांनी असते म्हणून तुम्ही नशीबवान, पण इथून सुटणाऱ्या काही बस अर्ध्या तासाने आहेत, काही त्याहून विरळ, आणि पाऊस ओरेगॉनचा! म्हणून निघायच्या आधी बसची वेळ बघायची आणि मग ट्रेन मागे मोजत यायची. आम्ही सगळे आधी उलटं करायचो. येताना बसच्या पाटीवर फॉरेस्ट ग्रोव्ह लिहिलेलं बघा, आणि उतरायचं असेल तेव्हा खिडकीजवळची दोरी ओढा. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची इथे पद्धत आहे, पोरंटोरंसुद्धा म्हणतात.

प्रश्न: मी मास्टर्ससाठी येतेय, हिल्सबरोला राहणार. मामेभाऊ २०१२ पर्यंत तिथे होता, तो म्हणतो एअरपोर्टवरून रेड लाइन पकड, बीव्हर्टनला उतरून ब्लू घे, आणि डाउनटाउनमध्ये ट्रेन फुकट असते. बरोबर आहे ना? दोन मोठ्या बॅगा आहेत.
एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: दादाचं त्याच्या वेळेला बरोबर होतं गं. रेड लाइन २००१ मध्ये विमानतळापर्यंत गेली, २००३ मध्ये बीव्हर्टनपर्यंत आली आणि पुढची एकवीस वर्षं तिथेच संपत होती. हिल्सबरोवाले सगळे तिथे बॅगा घेऊन उतरायचे आणि ब्लूची वाट बघत थंडीत उभे राहायचे, मीही राहिलेय. ऑगस्ट २०२४ मध्ये ती आणखी दहा स्टेशनं पुढे, हिल्सबरो एअरपोर्ट-फेअरग्राउंड्सपर्यंत नेली. तुझं घर त्याच्या अलीकडे असेल तर बदलायची भानगडच नाही, पलीकडे म्हणजे हिल्सबरो डाउनटाउनकडे असेल तरच ब्लू. (नाव एअरपोर्ट असलं तरी ते छोट्या विमानांचं आहे, तुझं विमान तिथे उतरणार नाही, घाबरू नकोस.) बीव्हर्टनपर्यंतच तासाच्या वर लागतो, तेव्हा आधी बाथरूमला जाऊन ये.

फुकट मात्र विसर. डाउनटाउनमध्ये १९७५ पासून फुकट फिरता यायचं, २०१० मध्ये बसचं बंद झालं, सप्टेंबर २०१२ मध्ये ट्रेनचंही. दादा बहुतेक त्याच्या आदल्या आठवड्यात निघाला.

प्रश्न: डोंबिवलीत आयुष्य गेलं. ही दोन डब्यांची ट्रेन बघून हसू आलं. एवढ्या श्रीमंत देशात डबे जोडायला पैसे नाहीत का? आणि बीव्हर्टनला एक तिसरीच गाडी उभी दिसली, दुपारी गेलो तर गायब.
एक आजोबा

उत्तर: आजोबा, पैशाचा प्रश्न नाहीये, जागेचा आहे. ही ट्रेन पोर्टलँडच्या भर रस्त्यातून जाते, सिग्नलला थांबते, आणि तिथला एक ब्लॉक म्हणजे चौक ते चौक फक्त २०० फूट. एक डबा साधारण ९० फुटांचा. दोन झाले की ब्लॉक भरला, तिसरा जोडला तर स्टेशनवर उभी असताना शेपूट चौकात आडवं. तुमची पंधरा डब्यांची लोकल इथे आणली तर अर्धं डाउनटाउन अडेल! पण एक गोष्ट मान्य करा, चढायला उडी मारावी लागत नाही. बुटक्या पायरीचे डबे १९९७ मध्ये अमेरिकेत लाइट रेलला पहिल्यांदा इथेच आले, आता व्हीलचेअरवालाही एकटा चढतो.

तिसरी गाडी म्हणजे वेस. बीव्हर्टन ते विल्सनव्हिल, पाच स्टेशनं, २००९ पासून. फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी आणि संध्याकाळी ऑफिसच्या वेळेला. दुपारी दिसणार नाही, शनिवार-रविवारी तर नाहीच. माझ्या मते ही सगळ्यात कंजूष गाडी, पण बसायचंच असेल तर सकाळी लवकर उठा, हॉप कार्ड तेच चालतं.

प्रश्न: सासूबाईंना बीव्हर्टनला ट्रेनमध्ये बसवून देते, तिथे गाडी दिवसभर लावली तर चालेल?
एक सूनबाई

उत्तर: नाही गं, बीव्हर्टनला प्रवाशांसाठी पार्किंग नाही, सोडून निघायचं. गाडी लावायची तर पुढच्या सनसेटला जा, तिथे ६२२ गाड्यांची पार्किंग आहे, आणि सासूबाईंचा एक थांबाही वाचेल.