वाचक विचारतात: नवीकोरी हायब्रिड घेऊ की तीन वर्षं चाललेली बीएमडब्ल्यू?

प्रश्न: नमस्कार सर. बाणेरला राहतो, ऑफिस हिंजवडीत, महिन्याचं रनिंग साधारण १२०० किमी. महिन्यातून एकदा आईबाबांना घेऊन साताऱ्याला जाणं असतं. नवीन टोयोटा कॅमरी हायब्रिडचं कोटेशन ऑन-रोड ५५ लाखाच्या थोडं वर आलंय, आणि तेवढ्याच पैशात ओळखीतली २०२२ ची बीएमडब्ल्यू एम३४०आय मिळतेय, एकाच हातात वापरलेली. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं, रविवारी पहाटे उठून पसरणी घाटात जाणारा माणूस आहे मी. बायको म्हणते अ‍ॅव्हरेज बघ. जुनी होंडा सिटी विकणार आहे कारण सोसायटीत पार्किंग एकच आहे. काय करू?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नमस्कार. आधी अ‍ॅव्हरेजचा हिशोब करून टाकू, कारण घरोघरी वाद तिथेच अडकतो. तुमचं रनिंग वर्षाला १४,४०० किमी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅमरीला १८ चं अ‍ॅव्हरेज धरा (कागदावर २५.४९ आहे पण ते विसरा) आणि एम३४०आय ला ८ धरा. म्हणजे एकीला वर्षाला ८०० लिटर आणि दुसरीला १८०० लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर फरक झाला लाखभर रुपयांचा. आता पन्नास-पंचावन्न लाखाची गाडी घेणाऱ्या माणसाने वर्षाच्या एका लाखावरून निर्णय घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही, बीएमडब्ल्यूच्या रनफ्लॅट (पंक्चर झाला तरी काही अंतर चालणाऱ्या) टायरचा एक सेट बदलायचा म्हटलं तरी खर्च लाखाच्या पुढे जातो. त्यामुळे वहिनींना सांगा की मुद्दा बरोबर आहे पण सगळ्यात छोटा आहे.

मोठा मुद्दा हा की तुमचे गाडीतले तास कुठे जातात. तुम्हीच लिहिलंय, बाणेर-हिंजवडी. तिथे ताशी वीसच्या स्पीडने ब्रेक-रेस-ब्रेक चालू असतं आणि हायब्रिड नेमकी ह्याच कामासाठी बनलीय. टोयोटाच्या सिस्टीममध्ये इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका प्लॅनेटरी गिअरने जोडलेले असतात, सरकत सरकत चालताना इंजिन बंद आणि गाडी मोटरवर, ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत टाकते. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, ब्रेक पॅडसुद्धा वर्षानुवर्षं टिकतात. १९९७ ला प्रियसमध्ये आलेली ही रचना आहे, भारतात कॅमरी हायब्रिड २०१३ पासून विकतायत, म्हणजे नवं खूळ नाही हे. आणि सिग्नलला इंजिन बंद असताना जी शांतता असते ना, संध्याकाळी सातला थकून घरी जाणाऱ्या माणसाला ती खरी लक्झरी वाटते, लेदर सीटपेक्षाही जास्त.

एम३४०आय त्याच ट्रॅफिकमध्ये वाईट वागते असं नाही, तिचा आठ स्पीडचा ऑटोमॅटिक फार स्मूद आहे. पण तिच्यात जे आहे, तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ५०० एनएम टॉर्क, ० ते १०० साडेचार सेकंदाच्या आत, त्यातलं काहीच तिथे वापरता येत नाही. हायवेवरही किती वापराल? एक्सप्रेसवेवर लिमिट १०० ची, घाटात त्याहून कमी, आणि आता कॅमेरे आहेत. तिची खरी जागा म्हणजे तुमचा रविवारचा पसरणी घाट, आणि तिथे मात्र मी कॅमरीची बाजू घेणार नाही. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळणं, मागून मिळणारा तो ढकला, त्या इंजिनाचा आवाज, हे ज्याला आवडतं त्याला दुसरं काही देऊन भागत नाही. कॅमरी ताकदीला २३० पीएसची आहे, हळू मुळीच नाही, पण खंबाटकीत जोरात पाय दाबलात तर आधी आवाज वर चढतो आणि मग गाडी पुढे येते, ई-सीव्हीटीचा, म्हणजे तिच्या ठराविक गिअर नसलेल्या ट्रान्समिशनचा, स्वभावच तो. तुमच्यासारख्याला ते पहिल्या दिवशी खटकेल, हे माहीत असूनच घ्या.

आता वापरलेल्या गाडीचं. किंमत सारखी दिसते म्हणून खर्च सारखा होत नाही. २०२२ ची गाडी घेतलीत तरी तिचे पार्ट आजच्या किमतीचे आणि आजच्या बीएमडब्ल्यूचेच असतात. वॉरंटी किती शिल्लक आहे, वाढवून मिळते का, सर्व्हिसची हिस्टरी ऑथराइज्ड सेंटरमधली सलग आहे का, चारही रिम लिफ्टवर फिरवून वाकल्यात का, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, ओळखीतली असली तरी. लो प्रोफाइल टायर आणि पावसाळ्यातले आपले खड्डे हे जमत नाही, टायर-रिम कव्हर आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही इन्शुरन्समध्ये घ्यावेच लागतात. चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागेल ते वेगळंच.

माझं मत सरळ सांगतो. पार्किंग दोन असतं तर सिटी ठेवा आणि बीएमडब्ल्यू घ्या म्हणालो असतो, सिटीने ऑफिस केलं असतं आणि रविवार तुमचा. पण घरात एकच गाडी राहणार, तीच रोज हिंजवडीला जाणार आणि तिच्याच मागच्या सीटवर दर महिन्याला आईबाबा साताऱ्यापर्यंत बसणार, तर कॅमरी घ्या. मागे पाय पसरायला जागा भरपूर, सीट रिक्लाइन होते, सस्पेन्शन मऊ आहे. फक्त दोन्ही सेडान खाली बसतात, आईंचे गुडघे दुखत असतील तर शोरूममध्ये त्यांनाच नेऊन दोनतीनदा चढउतार करून बघा, तिथे त्या नाही म्हणाल्या तर दोन्ही कोटेशन बाजूला ठेवून इनोव्हा हायक्रॉस बघायची.

प्रश्न: मी डॉक्टर आहे, हायब्रिड घ्यायचं ठरतंय, पण सासरे म्हणतात आठ वर्षांनी बॅटरी गेली की गाडी भंगार, आणि पावसात पाण्यातून गेलं तर शॉक बसेल. खरं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, सासऱ्यांची काळजी समजते पण दोन्ही गोष्टींत तथ्य कमी आहे. टोयोटा भारतात हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देते, आणि वॉरंटी संपली त्या दिवशी बॅटरी संपत नाही. ही बॅटरी मोबाइलसारखी पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली जात नाही, कंप्युटर तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो, म्हणून ती टिकते. बाहेरून चार्जिंग करायचं नसतं. शॉकचं म्हणाल तर हाय व्होल्टेजच्या वायरी नारिंगी रंगाच्या, पूर्ण सील केलेल्या असतात आणि गडबड झाली की रिले सप्लाय तोडतो. पुराच्या पाण्यात मात्र कुठलीच गाडी घालू नये, इंजिनात पाणी गेलं तर हायब्रिडचंही तेच होतं जे इतरांचं होतं.

तुम्ही बघायच्या गोष्टी दोनच. सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर पर्स, ब्लँकेट काही ठेवू नका आणि सर्व्हिसला तिथला फिल्टर साफ करायला आवर्जून सांगा. दुसरं, लांब सुट्टीवर गेलात आणि गाडी तीनचार आठवडे उभी राहिली तर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते, लोक घाबरतात की मोठी गेली. घरच्या कुणालातरी आठवड्यातून एकदा गाडी रेडी मोडला (डॅशबोर्डवर READY दिसतं तेव्हा) अर्धा तास चालू ठेवायला सांगून जा.

प्रश्न: वय २९, बजेट १८ लाख. दहा वर्षं जुनी जर्मन स्पोर्टी सेडान १२ लाखात मिळतेय, उरलेले ६ मेंटेनन्सला ठेवेन. की ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड घेऊ? गोव्याला वरचेवर जातो.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: जुनी जर्मन नको, मित्रा. दहा वर्षांच्या गाडीत गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) किंवा सस्पेन्शनचं एखादं मोठं काम निघालं की ते सहा लाख बघता बघता जातात, आणि चांगला हात असलेला मेकॅनिक पुण्याशिवाय भेटणं अवघड, म्हणजे दरवेळी गाडी टोइंगवर. ग्रँड विटारा हायब्रिड २७.९७ चा आकडा दाखवते, शहरात खरोखर छान अ‍ॅव्हरेज देते, पण ११६ पीएस आणि तीन सिलिंडर आहे, आंबोली घाटात ओव्हरटेक करताना तुझ्या वयाच्या चालवणाऱ्याचं मन भरणार नाही असं मला वाटतं.

तू तिसरी बघ. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनवाली, १५० पीएस आणि २५० एनएम. नवीन गाडीची वॉरंटी मिळते, आणि चालवायला खरंच मजा येते. हायवेला सावकाश चालवलीस तर दोन सिलिंडर बंद करून पेट्रोलही वाचवते. टॉप मॉडेल ऑन-रोड बजेटच्या वर जाईल, तेव्हा कुठल्या व्हेरिअंटला किती डिस्काउंट आहे ते मार्चअखेरीस किंवा डिसेंबरात विचार. आणि टेस्ट ड्राइव्ह घाटरस्त्यावर माग, शोरूमसमोर एक चक्कर मारून सही करू नकोस.