रबराला तेल पाजू नका
वाचकांचे प्रश्न : गाडीची रबरे, बीडिंग आणि काळ्या पट्ट्या

पावसाळा तोंडावर आला की गाडीतल्या पाण्याचे आणि कुरकुरणाऱ्या दारांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

उन्हाने दारांची रबरे कडक आणि राखाडी पडली आहेत. खोबरेल तेल लावले की दोन दिवस काळीभोर दिसतात, मग पुन्हा तेच. काय लावावे? – नागपूर

आधी तेल बंद करा. आजच्या बहुतेक गाड्यांच्या दारांना आणि डिकीला ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर असते. त्यात काजळी मिसळलेली असते म्हणून ते काळे दिसते, आणि ऊन झेलायचे कामही तीच काजळी करते. ऊन, ओझोन आणि पाऊस यांच्यापुढे हे रबर चांगले टिकते. त्याचा खरा वैरी म्हणजे खनिज तेल. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, व्हॅसलिन यांपैकी काहीही लागले की ते तेल आत शोषले जाते, रबर फुगते, मऊ पडते आणि आकार सोडते. गंज सोडवायचे स्प्रेही याच जातीचे, बिजागरीवर ठीक, रबरावर नकोत. खोबरेल तितके नुकसान करत नाही, पण ते वाळत नाही, धूळ धरून ठेवते आणि खवट होते. तेलात भिजलेली धूळ म्हणजे दार लावताना दर वेळी रबरावर फिरणारा पॉलिश पेपरच.

रबरावर चालते ते सिलिकॉन तेल, किंवा पाण्यात मिसळलेले सिलिकॉनचे रबर ड्रेसिंग. शुद्ध सिलिकॉन तेल घेणार असाल तर ३५० सेंटिस्टोकचे (हे दाटपणाचे माप, डब्यावर लिहिलेले असते) घ्या. फार पातळ घेतले तर ओघळते, फार जाड घेतले तर चिकचिकते.

पण निम्म्याहून जास्त गुण धुण्याचा आहे, लावण्याचा नाही. एक लिटर पाण्यात झाकणभर, म्हणजे साधारण १० मिली, कार शाम्पू टाका. मऊ फडक्याने रबर आणि ते ज्या पत्र्यावर टेकते ती कड, दोन्ही पुसा. लोक पत्र्याची कड हमखास विसरतात आणि सगळी माती तिथेच असते. नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढा आणि दारे उघडी ठेवून सावलीत अर्धा तास वाळू द्या. मग स्पंजच्या तुकड्यावर एका दारामागे पाव चमचा सिलिकॉन घेऊन पातळ हात फिरवा. चार दारे आणि डिकी मिळून १० मिली पुरते. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसा. बोट फिरवून ओशट लागले तर जास्त झाले. हे मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा करायचे. तुमच्याकडचे ऊन पाहता फेब्रुवारीतही एक हात द्या.

स्प्रेचा डबा असेल तर फवारा कापडावर मारा, दारावर नको. पुढच्या काचेवर, वायपरवर, पेडलवर किंवा स्टिअरिंगवर सिलिकॉन जाऊ देऊ नका. गाडी रंगवायला देणार असाल तर पेंटरला आधी सांगा. पत्र्यावर सिलिकॉन राहिले तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोके पडतात आणि दोष मात्र पेंटरच्या माथी येतो.

आता तुमच्या कडक रबराचे. अंगठ्याने दाबा. दाबून लगेच वर आले तर वरचा उपाय लागू पडेल. खळगा तसाच राहिला किंवा आडव्या भेगा दिसल्या तर कुठलेही रसायन ते जिवंत करणार नाही, बदला.

पावसात डाव्या बाजूचा पुढचा गालिचा भिजतो. गॅरेजवाले चारही दारांचे बीडिंग बदला म्हणतात. बदलावे का? – चिपळूण

इतक्यात नको. पाय ठेवायच्या जागी साचणारे पाणी चार-पाच वाटांनी येऊ शकते आणि दाराचे रबर ही त्यांतली फक्त एक. चार दारांचे पैसे मोजण्याआधी एक सुट्टी खर्च करा.

पहिला प्रश्न : पाऊस नसताना, फक्त एसी चालवल्यावरही ओल येते का? येत असेल तर रबराचा संबंध नाही. बऱ्याच गाड्यांत एसीचे थंड कॉइल डाव्या बाजूलाच, डॅशबोर्डखाली असते आणि त्याचे पाणी एका नळीने गाडीखाली पडते. दमट दिवशी एसी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून खाली वाका. ठिबकत नसेल तर नळी तुंबली आहे. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, आहे. हीटरचे कॉइल गळते आहे, तेव्हा रबर विसरा आणि मेकॅनिक गाठा.

फक्त पावसातच येत असेल तर बोनेट उघडून वायपरखालची जाळी पाहा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा लगदा बसतो, पाणी वाहून जायच्या वाटा बुजतात आणि ते ब्लोअरच्या तोंडातून आत उतरते. कोकणात सगळ्यात आधी हीच जागा तपासावी.

मग दार. खिडकीच्या काचेवरून थोडे पाणी दाराच्या पोटात जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते. ते दाराच्या खालच्या कडेच्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडते. ही भोके चिखलाने बुजली की दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. झाडूच्या काडीने ती मोकळी करा. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर रंग खरवडतो आणि तिथूनच गंज धरतो. दाराच्या पोटात, आतल्या पॅनेलच्या मागे, एक प्लॅस्टिकचा पडदा चिकट ब्युटाइल पट्टीने लावलेला असतो. स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवताना तो फाडला, किंवा नुसताच टेकवून ठेवला, की पाणी रबराच्या आतल्या बाजूने गाडीत उतरते. अशा वेळी दाराच्या पॅनेलची खालची कड ओलसर लागते. दारात कधी काम झाले असेल तर पहिला संशय इथे घ्या. नवी ब्युटाइल पट्टी फिरवून पडदा पुन्हा दाबून लावला की काम होते.

सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतून नळ्या खाली उतरतात. पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. ते त्या बाजूने गाडीखाली पडायला हवे. पडले नाही तर जाड तंगूस घ्या, टोक काडीने जाळून गोल करा आणि अलगद आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी आतल्या सांध्यातून निसटली तर छताचे अस्तर उतरवावे लागते.

हे सगळे निर्दोष निघाले तरच रबराची परीक्षा. रबर कोरडे करून त्यावर टाल्कम पावडर पातळ लावा, दार नेहमीसारखे बंद करून उघडा आणि पत्र्यावर उमटलेली पांढरी रेघ पाहा. जिथे रेघ तुटली तिथे रबर टेकत नाही. किंवा दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. ती अडखळत निघायला हवी. एकाच कोपऱ्यात सैल लागली आणि रबर धडधाकट असेल तर दार खाली झुकले आहे किंवा लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरची लॉक अडकायची कडी, सरकला आहे. स्ट्रायकरभोवती पेन्सिलने खूण करा, बोल्ट सैल करा आणि एका वेळी एकच मिलिमीटर आत घ्या.

शेवटी नळीची चाचणी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचे, दुसऱ्याने मंद धार खालून वर न्यायची : आधी दाराची खालची कड, मग बिजागरीची बाजू, मग आरसा, मग काचेचा कोपरा. प्रत्येक ठिकाणी तीन-चार मिनिटे. धार वरून सुरू केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि भोक कुठे आहे ते कधीच कळत नाही.

पाणी पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून येत असेल तर तिथली काळी पट्टी बदलून उपयोग नाही, ती बहुतेक गाड्यांत शोभेची असते. काच पॉलियुरेथेनच्या थराने चिकटवलेली असते आणि फट त्या थरात असते. वरून सिलिकॉन सीलंट थापू नका. ते साफ निघत नाही, आणि पुढे काच नीट बसवायची वेळ आली की नवा थर त्यावर धरत नाही.

कारण कोणतेही निघो, गालिचा उचलून खालचा फोम वाळवा. वरून कोरडा वाटला तरी फोम पाणी धरून ठेवतो. मग आधी कुबट वास येतो आणि पाठोपाठ पत्रा सडतो.

खिडकीची काच बटण दाबल्यावर वर जाते आणि अर्ध्यावरून आपोआप खाली येते. मोटर गेली का? – पुणे

बहुधा नाही. वाटेत हात आला तर काच परत फिरावी अशी सोय तुमच्या गाडीत आहे, आणि धुळीने जड झालेल्या खाचेला ती हात समजते आहे. ज्या खाचेतून काच सरकते त्या रबराला आतून मखमलीसारखी लव असते. तिच्यात धूळ बसली की घर्षण वाढते.

काच पूर्ण खाली घ्या. जुन्या प्लॅस्टिक कार्डाला ओले मायक्रोफायबर गुंडाळून दोन्ही बाजूंच्या खाचा आणि वरची खाच पुसा. फडके स्वच्छ निघेपर्यंत चार-पाचदा तरी पुसावे लागते. वाळल्यावर, नळी लावलेल्या डब्याने प्रत्येक खाचेत कोरड्या सिलिकॉन स्प्रेचे दोन छोटे फवारे मारा, काच पाच-सहा वेळा वर-खाली करा आणि काचेवर आलेले पुसून घ्या. ग्रीस लावलेत तर आठवड्यात लवेचा चिखल होईल. एवढे करूनही काच परतली तर गाडीच्या पुस्तिकेत खिडकी पुन्हा सेट करायची कृती असते, ती करा. मोटरचा विचार त्यानंतर.

काचेवर उभ्या बारीक रेघा पडत असतील तर ते काम दाराच्या बाहेरच्या पट्टीचे आहे. तिच्या ओठात वाळू अडकते. धूळ बसलेली काच कोरडीच वर-खाली करायची सवय सोडा.

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिकीला नवे रबर बसवले. दोन महिन्यांत सांध्याशी बोटभर फट पडली. रबर निकृष्ट होते का? – कोल्हापूर

रबर नव्हे, बसवणे चुकले. मीटरवर मिळणारे रबर बसवताना हात नकळत ओढत जातो. ताणलेले रबर उन्हा-थंडीत हळूहळू मूळ लांबीवर येते आणि सांध्याशी उघडते. म्हणून ते ओढत नव्हे, ढकलत बसवायचे. सांधा खाली लॉकजवळ ठेवा, कोपऱ्यांत रबर थोडे सढळ द्या, आणि शेवटी मापापेक्षा ५ ते ८ मिमी जास्त ठेवून धारदार ब्लेडने काटकोनात कापा. दोन्ही तोंडे एकमेकांवर दाबून बसवा. सांध्यापुरता फेविक्विकचा थेंब चालतो, पण पूर्ण लांबीला लावलात तर रबर तिथे ताठ होऊन तडकते.

चिकटवायचे रबर असेल तर जुना गोंद पूर्ण खरवडा, गंज असल्यास तो काढून रंगाचा हात द्या. मग पत्र्याला आणि रबराला, दोन्हीकडे, फेविकॉल एसआर ९९८ सारख्या गोंदाचा पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि बोटाला तार येईनाशी झाली की दाबा. ओला असतानाच जोडले की रबर घसरते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सीलंट उघड्या पत्र्याजवळ नको, त्यातल्या आम्लाने गंज धरतो.

पुढची काचही उतरवणार असाल, तर तुमच्या गाडीत ती रबराच्या चौकटीत बसते. चौकट आधी काचेवर चढवा, बाहेरच्या खाचेत ५ मिमीची दोरी फिरवून दोन्ही टोके आत सोडा आणि कडेला साबणाचे पाणी लावा. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचे, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची, म्हणजे ओठ पत्र्यावर चढत जातो. इथेही ग्रीस नाहीच.

बंपर आणि कडेच्या काळ्या पट्ट्या पांढुरक्या पडल्या. टायर पॉलिश लावले तर पावसात ओघळून दारावर डाग पडले. – नाशिक

या पट्ट्या रबराच्या नाहीत, पॉलिप्रोपिलीन नावाच्या न रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांचा वरचा थर उन्हाने झिजतो. पट्टीवरचा पांढुरका डाग गाडीच्या रंगाला लागून आणि खळग्यांत असेल तर तो बहुधा रंगावर लावलेला आणि तिथे वाळलेला पॉलिश असतो. पट्टीच्या वरच्या अंगाला सगळीकडे सारखा असेल तर तो उन्हाचा. पॉलिश मऊ ब्रशने आणि दहापट पाणी घातलेल्या क्लीनरने निघतो. पुढच्या वेळी पॉलिशआधी पट्टीवर मास्किंग टेप लावा, पाच मिनिटांचे काम आहे.

उन्हाच्या डागासाठी पट्टी तशीच धुवा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन पुसा आणि पूर्ण वाळल्यावर ट्रिम कोटिंगचे (अशा पट्ट्यांसाठी मिळणाऱ्या लेपाचे) काही थेंब घासून लावा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका. ओशट जागेवर कोटिंग धरत नाही, आणि तुमच्या टायर पॉलिशमुळे ती ओशट झालीच आहे, म्हणून अल्कोहोलचा हात दोनदा द्या. हीट गनने (गरम हवेच्या झोताने) काळेपणा परत येतो खरा, पण काही महिन्यांपुरता. हात रेंगाळला तर पट्टी वाकते आणि शेजारचा रंग फुगतो. घरी करू नये असेच आमचे मत.

सर्व्हिसिंगला गाडीखाली डिझेल मारून देतात. चालते का? – सोलापूर

नाही. पत्रा चकचकीत दिसतो, पण सस्पेन्शनचे बुश आणि बूट, म्हणजे सांध्यांतली आणि सांध्यांवरची रबरे, डिझेल पितात आणि फुगतात. शाम्पू-पाणी मागा. ब्रेक ऑइलच्या डब्यात चुकून इंजिन ऑइल पडले तर ब्रेकची रबरे याच कारणाने फुगून अडकतात. तसे झाल्यास गाडी जागची हलवू नका, टो करून न्या.

वायपर नवा, तरी थरथरतो. – ठाणे

काचेवर मेण किंवा सिलिकॉन आहे. काच अल्कोहोलने पुसा, वायपरचे रबर फक्त ओल्या फडक्याने. तरीही थरथरला तर वायपरची दांडी किंचित पिळली गेली आहे. रबराची धार काचेवर काटकोनात टेकते का, ते पाहा.