धुऱ्यावरचे साग विद्यापीठाला मोजू द्यावे का?

प्रश्न : आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कापूस अन् तूर घेतो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाबांनी लावलेले साग हायेत. कृषी विद्यापीठातून वनशास्त्राची पोरं आली होती, दोन हंगाम प्रयोग करू द्या म्हणतात. घरचे म्हणतात उद्या झाडं सरकारजमा होतील. काय करावं?

उत्तर : द्या भाऊ, बिनधास्त द्या, फक्त कागद करून घ्या. मोजल्यानं झाडं कोणाची होत नाहीत. सागाच्या तोडीला परवानगी लागते ती 1964 च्या झाडतोड कायद्यामुळे, प्रयोग असो नसो, त्यामुळे सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते आधी तलाठ्याकडे बघा, अडचण झाली तर तिथंच होते.

आता पोरं करतात काय, तर जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर घेतात, दरवेळी त्याच जागी, म्हणून रंगाचा पट्टा मारतात, तो खरवडू नका. मग धुऱ्याजवळच्या तासांची, म्हणजे ओळींची, तूर वेगळी तोलायची, मधल्या तासांची वेगळी, म्हणजे नुकसान कुठवर जातं ते कळतं, आपण तर 'सागाखाली काही पिकत नाही' म्हणून मोकळे होतो! त्यात सावलीचा वाटा किती, मुळांचा किती हे काढायला काही भागात फांद्या छाटतात, काही भागात धुऱ्याला लागून चर खणून आडवी मुळं तोडतात, अन् एक तुकडा तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवतात. खरा घोळ ह्या तुकड्यातच होतो, बिचारी तूर मागं पडली म्हणून कोणीतरी जास्तीची मूठभर खत टाकतो अन् अख्ख्या हंगामाची मोजणी वाया.

धुरा कोणत्या दिशेनं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, सावली उत्तरेच्या वावरात, अन् तूर तेव्हाच फुला-शेंगांवर. उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी एका बाजूला, दुपारनंतर दुसऱ्या. मोजणी दोन्ही बाजूंनी करणार का, विचाराच.

दोन हंगामांत पिकाचं बरंच कळेल, सागाचं नाही, त्याला वर्षं लागतात. कागदात चर कोण बुजवणार, छाटलेल्या फांद्या कोणाच्या, आकडे तुम्हाला मराठीत देणार का, हे लिहून घ्या अन् सही गाईड सरांची घ्या, पोरगं काय, डिग्री झाली की गेलं.