गावातले पोलीस उपनिरीक्षक ड्युटीवर असताना गेले. त्यांची आठवण म्हणून मंडळाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की साहेबांना जाऊन दोन महिने झाले, मंडळाच्या पोरांनी वर्गणी जमवलीय, पण पुतळा करायचा की चौकाला नाव द्यायचं यावर गाडी अडलीय. शिवाय 21 ऑक्टोबरला नेमकं काय असतं आणि बॅनरवर कोणता फोटो चांगला दिसेल, हेही विचारलंय.

मी कोण ते आधी सांगतो. वडील हवालदार म्हणून रिटायर झाले, माझं लहानपण पोलीस लाईनीत गेलं. आणि माझं दुकान फ्लेक्सचं आहे. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या तालुक्यात कोणी गेलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली' बहुतेक वेळा माझ्याच मशीनवरून निघतं. त्यामुळे फोटोचा प्रश्न माझ्या धंद्याचा आणि बाकीचे माझ्या घरातले, असं समजा.

लाईनीत आमच्या भिंतीला भिंत लागून आप्पा राहायचे. शिपाई म्हणून लागले, खात्याची परीक्षा दोनदा हुकली, तिसऱ्यांदा पास होऊन फौजदार झाले तोवर टोपी काढली की पार टक्कल. खांद्यावर दोन स्टार आले त्या दिवशी लाईनीत घरोघर जिलबी वाटली होती. बदली शेजारच्या तालुक्यात झाली, पण पोरांच्या शाळेसाठी काकू इथंच राहिल्या.

आप्पा गेले ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमाराला, नाकाबंदीत. वाळूचं डंपर थांबलं नाही. पेपरात 'जिवाची पर्वा न करता' असं छापून आलं. वडिलांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पर्वा होती म्हणून तर बॅरिकेडच्या आतल्या अंगाला उभा होता. डंपर बॅरिकेडसकट आलं." हातात टॉर्च होता, तो शेतात सापडला, चालूच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत माझ्याकडे चार फ्लेक्सच्या ऑर्डरी. चारही जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो पाठवला, ओळखपत्रावरचा, टोपी घातलेला, बोटाच्या पेराएवढा. असा फोटो दहा फुटांवर ताणला की फुटतो, नाक-डोळ्यांचे चौकोन दिसायला लागतात. मी जमेल तेवढा साफ केला. एका फ्लेक्सवर खाली अकरा जणांचे फोटो टाकायचे होते, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे, आणि वर कोपऱ्यात एक मोठे नेते. छापून झाल्यावर सहज टेप लावली. आप्पांचा चेहरा दीड फूट, नेत्यांचा अडीच. तरी मी तो दिला, पैसेही घेतले. आता हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

फ्लेक्सची शाई उन्हात सारखी उडत नाही. पिवळा आणि लाल आधी जातात, निळा मागे राहतो. होळी येईपर्यंत चौकातले आप्पा निळे पडले होते. काकू भाजीला जायच्या तो रस्ताच त्यांनी बदलला, मागच्या गल्लीने जायला लागल्या. शेवटी त्यांच्या मोठ्या पोराने एका रात्री माझ्याकडून कटर नेला, खांबावर चढून फ्लेक्स उतरवला आणि सकाळी कटर परत आणून दिला. कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तेव्हा पहिली विनंती ही की फ्लेक्स लावलाच तर लावल्यापासून तेराव्या दिवशी उतरवा. आणि त्यावर चेहरा एकच असू द्या.

आता 21 ऑक्टोबर. हा पोलीस स्मृतिदिन, सगळ्या देशात पाळतात. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज भागात गस्तीवर गेलेले दोन शिपाई आणि एक हमाल परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 21 ऑक्टोबरला, त्यांना शोधायला करमसिंग नावाच्या अधिकाऱ्याबरोबर वीसेक माणसं निघाली. चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला, त्यात 10 जण गेले. त्यांचे देह परत मिळाले ते 13 नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी. तेव्हा त्या सीमेवर पहारा पोलिसांचा होता, हे मलाही मोठेपणीच कळलं.

त्या दिवशी सकाळी प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात परेड असते. 'शोक शस्त्र' अशी ऑर्डर होते, जवान रायफल उलटी करतात, नळी जमिनीकडे, मान खाली. बिगूल वाजतो, हवेत फैरी होतात. आणि वर्षभरात देशभर कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचतात, एकेक राज्य घेऊन. तुम्ही मंडळाची पोरं घेऊन जरूर जा. मात्र एक गोष्ट आधी तपासा, कारण ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. या यादीचं वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असं धरतात. तुमचे साहेब 31 ऑगस्टच्या आत गेले असतील तर नाव लगेचच्या ऑक्टोबरला येतं, एक दिवस जरी पुढे गेलं तर पुढच्या ऑक्टोबरला.

आप्पांना तेव्हा महिनाही झाला नव्हता. खात्याची गाडी आली, काकूंना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी माझी आई. वडील मागे उभे. नावं सुरू झाली. महाराष्ट्र आला तेव्हा काकूंनी पदर नीट केला, पोराचा हात धरला. महाराष्ट्र संपला. त्यांना वाटलं, नवीन आहेत, शेवटी घेत असतील. यादी पार पश्चिम बंगालपर्यंत गेली, मग केंद्राची दलं, सीमा सुरक्षा, सीआरपी. बिगूल वाजला. फैरी झाल्या, झाडावरचे कावळे उडाले. लोक उठायला लागले तरी काकू बसूनच. वडील पुढे गेले तेव्हा त्यांनी वर बघून विचारलं, "भाऊ, झायं का? यास्नं नाव राही गयं."

वडिलांना ते वर्षाचं गणित माहीत होतं. त्यांना वाटलं साहेबांनी सांगितलं असेल, साहेबांना वाटलं असेल की कारकुनाने सांगितलं. वडील त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. नंतर कित्येक वर्षं 21 ऑक्टोबर आला की ते हाच प्रसंग सांगायचे आणि दर वेळी शेवटी, "माझंच चुकलं," म्हणायचे.

पुढच्या वर्षी नाव आलं. वाचणारे अधिकारी हिंदी मुलखातले होते, त्यांनी आडनावातल्या 'ळ'चा 'ल' केला. काकूंनी पहिल्या रांगेतूनच, बसल्या जागी, नीट उच्चार करून ते आडनाव पुन्हा म्हटलं. मोठ्याने नाही, पण शेजारच्या दोन रांगांना ऐकू गेलं. म्हणून सांगतो, परेडच्या दोन-तीन दिवस आधी मुख्यालयात जाऊन नाव कसं उच्चारायचं ते सांगून या. दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं, 30 फूट उंच ग्रॅनाइटची शिळा आहे आणि भिंतीवर नावं कोरली आहेत, उद्घाटनाच्या वेळी 34,844 होती. तिथे तुमच्या साहेबांचं नाव कोणत्या स्पेलिंगने जाणार आहे, हेही खात्याला आत्ताच विचारा. दगडात कोरलेलं बदलायला फार कागद लागतात.

'शहीद' लिहावं की नाही यावर तुमच्या मंडळात वाद होणार, आमच्याकडे झाला. सैन्यात किंवा केंद्रीय दलांत असा शब्द अधिकृतपणे वापरात नाही, असं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलेलं आहे. घरच्यांना लिहावंसं वाटत असेल तर लिहा. ऑफिसातल्या अर्जात मात्र 'कर्तव्यावर असताना मृत्यू' असंच लिहा, नाहीतर अर्ज फिरत बसतो. वारस दाखला, पेन्शन, पोराच्या अनुकंपाचा अर्ज, या कामांना घरच्यांबरोबर जायला मंडळातला एक जण नेमून द्या, ज्याला कागद वाचता येतो आणि रांगेत राग येत नाही. पुतळ्यापेक्षा ह्याची गरज त्यांना आधी लागेल.

पुतळ्याचं म्हणाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, वेळ जातो, आणि एवढ्या वर्गणीत होणारा पुतळा तुमच्या साहेबांसारखा दिसेल की कोणासारखाही, सांगता येत नाही. अर्धपुतळे मी खूप पाहिलेत. मिशी लावली की सगळे सारखेच. चौकाला नाव द्यायचं तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव करून घ्या. आमच्याकडे ठरावाशिवाय बोर्ड लागला होता, फागणे-तरसोद चौपदरीकरणात जेसीबीने तो उचलला आणि कुठे टाकला देव जाणे. पण त्या जागेच्या अलीकडे रस्त्याखालून पाणी जायची जी मोरी आहे, तिला वडापवाले आपसूक 'फौजदार मोरी' म्हणायला लागले. नवीन पोरं तर समजतात की कोणा इंग्रजी काळातल्या फौजदाराने ती बांधली.

थोडं विषयांतर करतो. सहावीत आमची सहल नंदुरबारला गेली होती, शिरीषकुमारचं स्मारक बघायला. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन निघालेला हा शाळकरी पोरगा आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीने गेले. गुरुजींनी सांगितलं, "आणि पोलिसांनी गोळी झाडली," तसा अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. पोलिसाचा पोर मी एकटाच. घरी आल्यावर मी वडिलांवर चिडलो. ते बूट पॉलिश करत होते. म्हणाले, "त्या पोलीस बी आपलाच व्हतात रे भो. हुकूम दुसराना व्हता." एवढंच बोलून दुसरा बूट घेतला. खान्देशात हुतात्मा म्हटलं की आधी तो पोरगा डोळ्यांसमोर येतो, आणि यायलाच हवा. म्हणून वर्दीतल्या माणसाचं स्मारक करताना गावातले काही म्हातारे गप्प बसतील, तर त्यांच्यावर लगेच चिडू नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सरकारची आठवण 21 ऑक्टोबरला असते, घरची आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तुम्ही खान्देशातले, त्या दिवशी पितरांच्या नावाने भरतात ती घागर तुम्हाला सांगायला नको. आप्पांची पहिली घागर भरली तेव्हा मी तिथे होतो. मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंब्याचा रस, पुरणपोळी, सगळं रीतीप्रमाणे. आगारी टाकायची, म्हणजे पितरांचा घास निखाऱ्यावर द्यायची वेळ आली तेव्हा काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि अर्धी कळण्याची भाकरी घेऊन आल्या, वर लसणाची चटणी आणि कच्चं तेल. आप्पा रात्रपाळी करून आले की उभ्या उभ्या हेच खायचे, पट्टासुद्धा काढायचे नाहीत. सासू म्हणाली, पितरांना भाकर कोणी देतं का. काकू काही बोलल्या नाहीत. सासूनेच मग तुपाची धार सोडली आणि भाकरीचा तुकडा निखाऱ्यावर सरकवला. चटणीचा ठसका सगळ्यांना लागला.

तुमच्या मंडळातले दोघं-चौघं येत्या आखाजीला त्यांच्या घरी जा. पत्रिका, हार, फोटोग्राफर काही नको. डांगर घेऊन जा. बसा, आणि त्या माणसाचं घरात काय चालायचं ते ऐका. आप्पा चिडके होते, पत्त्यांत चीटिंग करायचे, माझ्या वडिलांचे तीनशे रुपये त्यांच्याकडे राहिले ते राहिलेच. हे आम्ही अजून बोलतो. वर्गणीतून काय करायचं ते अशा बैठकीत कदाचित त्यांच्याच घरून सुचेल. आमच्याकडे काकूंनी सांगितलं की लाईनीतल्या पोरांना अभ्यासाला जागा नाही, एका बंद खोलीला लाईट आणि पंखे बसवून द्या. तिथे आता पोलीस भरतीची पोरं बसतात. पंख्यावर नाव नाही.

आणि फोटो. ह्या वर्षी त्या खोलीत लावायला म्हणून मी स्वतः काकूंकडे फोटो मागायला गेलो. मी गृहीत धरलं होतं की वर्दीतला देतील. त्यांनी पेटीतून एक काढला, कोणाच्या तरी हळदीतला. आप्पा बनियनवर, टकलापर्यंत पिवळे, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असावेत. शेजाऱ्याचं कोपर त्यांच्या छातीवर आलेलं. मी धंद्याच्या सवयीने म्हटलं, काकू, कोपर कापून बॅकग्राउंड साफ करून देतो.

"कोपर कापू नको," त्या म्हणाल्या. "तो माझा भाऊ आहे, त्याला राग येईल."