मायक्रोआरएनए ‘प्रतिसाद’ देतात का?

प्रश्न असा आहे : ‘जिवाणूंचा संसर्ग झाल्यावर अळीच्या आतड्यातले मायक्रोआरएनए प्रतिसाद देतात’ हे वाक्य मराठीत चालेल का?

‘अळी’ आधी काढा. अळी म्हणजे कीटकाचं बाल्य, तिचं पुढे फुलपाखरू किंवा भुंगा व्हायचा असतो. इथला प्राणी आहे सीनोरॅब्डायटिस एलेगन्स, पूर्ण वाढला तरी जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक. त्याला सूत्रकृमी म्हणावं. शेतीच्या लिखाणात हा शब्द रुळलेलाच आहे.

खरी अडचण क्रियापदाची. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा इवलासा तुकडा, साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या २२ कड्यांचा. पहिला, लिन-४, याच कृमीत सापडला, १९९३ साली. त्याचं काम अडवणुकीचं : जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला तो जाऊन चिकटतो, मग त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं किंवा संदेशच मोडीत निघतो. आता समजा, संसर्ग झाल्यावर अशा एखाद्या मायक्रोआरएनएची पातळी घटली. त्याने दाबून धरलेली जनुकं मोकळी होतात. याला प्रतिसाद म्हणायचं तर तो देणारा गैरहजर राहून देतोय! मराठीत ‘प्रतिसाद देणं’ म्हटलं की हाकेला ओ देणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो, आणि वाचक तिथेच फसतो.

ओ देतं ते आतडं. अवघ्या २० पेशींची नळी. या कृमीकडे ना पांढऱ्या पेशी, ना प्रतिपिंडं. स्यूडोमोनास एरुजिनोसासारखा जिवाणू खाण्याबरोबर पोटात गेला की संरक्षक प्रथिनं मुख्यतः या पेशींनीच बनवायची. पी-३८ नावाची संकेतसाखळी, म्हणजे पेशीत इशारा पुढे पोचवणारी प्रथिनांची रांग, त्यांना कामाला लावते. पण हा बंदोबस्त कायम चालू ठेवणं परवडत नाही, वाढ रखडते. म्हणून एरवी तो आवरून धरावा लागतो, आणि त्यात आतड्यातल्या मायक्रोआरएनएंचा हात आहे हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. लेट-७ नावाच्या कुटुंबातले काही मायक्रोआरएनए तर वाढीचं वेळापत्रक सांभाळता सांभाळता प्रतिकारातही लक्ष घालतात.

तेव्हा मी असं लिहीन : ‘जिवाणूंचा संसर्ग झाला की सूत्रकृमीच्या आतड्यातल्या काही मायक्रोआरएनएंची पातळी बदलते आणि संरक्षक जनुकांवरचा त्यांचा दाब कमीजास्त होतो.’ वाक्य लांबलं, लांबू दे. ‘संसर्ग झाला’ऐवजी ‘लागण झाली’ही बिनदिक्कत चालेल.