फिकट अक्षरांचा तक्ता

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

डोळे तपासायला आलेल्या देवगडकडच्या त्या तांडेलाची, होडीच्या म्होरक्याची, हकीकत तू नीट लिहिली आहेस. ६/६ वाचतो, म्हणजे सहा मीटरवरून निरोगी डोळ्याएवढं, मोतीबिंदू नुकताच धरू लागलाय, डोळ्याच्या मागचा पडदा स्वच्छ, डोळ्याचं प्रेशर ठीक. आणि तरी त्याचं एकच पालुपद: "अक्षरां दिसतत, पण सांजची पायरी दिसणा नाय." शेवटी तू विचारतेस की सगळं नॉर्मल असलेल्या माणसाची समजूत कशी घालायची. समजूत घालू नकोस. त्याची तक्रार मोजता येते, ती मोज.

भिंतीवरचा आपला तक्ता स्नेलेनचा, १८६२ सालचा. काळंभोर अक्षर पांढऱ्याशुभ्र पाटीवर किती बारीक झालं तरी वाचता येतं, एवढंच तो विचारतो. चष्म्याचा नंबर काढायला तेवढं पुरतं. पण आपल्या मुलखात काळंभोर आणि पांढरंशुभ्र शेजारी शेजारी किती वेळा येतं? जांभ्याची वरची पायरी आणि खालची पायरी एकाच खाणीतल्या चिऱ्याची, पावसात दोन्हींवर तेच शेवाळ. माजघरात भर दुपारी अंधार आणि उंबरठा जमिनीच्याच रंगाचा. स्टीलच्या टोपात पेज. आषाढातला समुद्र आणि त्यावरचं आभाळ यांच्यातली रेघ तर आपल्यालाही शोधावी लागते. यात बारीक असं काही नाही, सगळं मोठं आहे, फक्त फिकट आहे. किती फिकट झालं तरी दिसतं, हा प्रश्न त्या तांडेलाला आजवर कुणी विचारलेलाच नाही.

आता हिशेब. अक्षर आणि पाटी यांच्या उजेडातला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. पाटीवरून १०० एकक उजेड येतोय आणि अक्षरावरून ९५, तर कॉन्ट्रास्ट ५ टक्के. अक्षरांसाठी हीच व्याख्या वापर: फरक भागिले पार्श्वभूमी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसाठी मायकेलसनचं सूत्र वेगळं आहे, त्यात फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागतात. दोन सूत्रं एकाच कागदावर मिसळू नकोस. माणसाला जेमतेम ओळखू येतो तो कॉन्ट्रास्ट म्हणजे त्याचा उंबरठा, आणि उंबरठ्याचा व्यस्त म्हणजे कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी. १ टक्क्याला ओळखणाऱ्याची सेन्सिटिव्हिटी १००, लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या घातांकात, २.००. साडेचार टक्के लागणाऱ्याची २२, लॉगमध्ये १.३५. लॉगमध्ये ०.३० उतरलं की माणसाला दुप्पट कॉन्ट्रास्ट लागतो, एवढं तोंडपाठ ठेव.

हे मोजायला पेली-रॉबसन तक्ता घे. डेनिस पेली, जॉन रॉबसन आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी तो १९८८ साली मांडला. सगळी अक्षरं एकाच मापाची, सुमारे पाच सेंटिमीटर उंच. मीटरभर अंतरावरून ती डोळ्याशी जवळपास तीन अंशांचा कोन करतात. एवढी मोठी, की थोडाफार नंबर चुकला तरी निकाल फारसा हलत नाही. आठ ओळी, प्रत्येक ओळीत तीन-तीन अक्षरांचे दोन गट, आणि प्रत्येक गट आधीच्यापेक्षा ०.१५ लॉगने फिकट. सुरुवात पूर्ण काळ्यापासून, शेवट अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. ज्या गटातली तीनपैकी दोन अक्षरं बरोबर येतात, त्या शेवटच्या गटाची लॉग सेन्सिटिव्हिटी म्हणजे माणसाचा आकडा. तरुण निरोगी डोळा १.८०च्या आसपास जातो. १.५०च्या खाली गेलं की दृष्टी उणावली म्हणायची, १.००च्या खाली रोजच्या कामांत अडचण धरायची. चाळिशीपुढच्या माणसाला दूरच्या नंबरावर पाऊण नंबरचं प्लस भिंग चढव, मीटरभर अंतरासाठी तेवढं लागतं.

तक्ता मागवणं सोपं आहे, वापरणं शिकावं लागतं. आपली माणसं हुशार, पण बुजरी. फिकट अक्षर आलं की म्हातारी म्हणते "नाय दिसत", कारण चुकीचं बोलायची लाज. शेजारचा खलाशी बेधडक सांगतो. दोघांचे डोळे सारखे असूनही आकडे वेगळे येतील, कारण तू डोळा न मोजता धीटपणा मोजलास. म्हणून प्रत्येकाला अंदाज सांगायलाच लाव. "चुकलं तरी चालेल, पण अक्षर सांगा", हे वाक्य दर गटाला म्हण. तक्त्यात रोमन अक्षरं दहाच येतात, त्यामुळे निव्वळ अंदाजाने तीनपैकी दोन बरोबर येणं शंभरात जेमतेम तीनदा घडेल. अंदाजाला घाबरायचं कारण नाही. आणि घाई करू नकोस. उंबरठ्याजवळचं अक्षर लगेच दिसत नाही. टक लावून पाहिलं की काही सेकंदांनी ते हळूच वर येतं. बाहेर रांग लागलेली असते हे मला माहीत आहे. रांगेला थांबू दे.

रोमन अक्षरं न येणाऱ्यांसाठी ती दहा अक्षरं एका पुठ्ठ्यावर मोठी छापून त्यांच्या हातात दे आणि तक्त्यावरच्या अक्षराचं जुळतं अक्षर बोटाने दाखवायला सांग. वाचता न येणारी माणसंही हे चोख करतात. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, बोटांनी मोजणाऱ्यांना आकार ओळखायला शिकवावं लागत नाही. अगदी लहान मुलांसाठी फिनलंडच्या लेआ ह्यूव्हारिनेन यांच्या चित्रांच्या आणि फिकट चेहऱ्याच्या चाचण्या आहेत.

उजेडाबाबत मात्र कडक राहा. तक्त्याच्या पांढऱ्यावर साधारण ३०० लक्स (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) पडायला हवेत, आणि वरच्या कोपऱ्यात जेवढे तेवढेच खालच्या कोपऱ्यात. खिडकीजवळ टांगलास तर ढग आला की माणसाची दृष्टी "बिघडते" आणि ऊन पडलं की "सुधारते". आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. पावसाळ्यात पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके येतात, पांढरं पिवळट पडतं, आणि फिकट अक्षरं तर आधीच पिवळटापासून दोन पावलांवर असतात. वापर झाला की तक्ता पिशवीत घालून कपाटात ठेव, अक्षरांवर बोट लावू देऊ नकोस. मोबाइलवरच्या ॲपने हे काम भागवायचा मोह आवर. साध्या स्क्रीनवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६च पायऱ्या असतात; निरोगी डोळ्याचा उंबरठा त्या पायरीपेक्षाही लहान असू शकतो. शिवाय ब्राइटनेस आपोआप वरखाली होतो तो वेगळाच.

आधी एकेक डोळा, मग दोन्ही मिळून, असं माप. दोन्ही डोळे सारखे असतील तर एकत्र वाचताना साधारण एक गट पुढे जायला हवं. कॅम्पबेल आणि ग्रीन यांनी १९६५ मध्ये दाखवलं की दोन डोळ्यांची सेन्सिटिव्हिटी एका डोळ्याच्या वर्गमूळ दोन पट असते, आणि वर्गमूळ दोन म्हणजे लॉगमध्ये नेमके ०.१५. तक्त्याचा एक गट! हा योग मला अजूनही सुखावतो.

तू पत्रात पट्ट्यांच्या चाचण्यांबद्दलही विचारलं आहेस. कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ साली केंब्रिजमध्ये अशा पट्ट्यांवरच पट्ट्यांची रुंदी आणि सेन्सिटिव्हिटी यांचा तो प्रसिद्ध वक्र उभा केला. पट्ट्या फार रुंद असल्या तरी डोळा कच्चा, फार बारीक असल्या तरी कच्चा. मध्ये, एका अंशात काळ्या-पांढऱ्याच्या तीन-चार जोड्या असताना, सगळ्यात तरबेज. हात लांब धरून करंगळीचं नख पाहा, ती रुंदी सुमारे एक अंश. साठाच्या आसपास जोड्या झाल्या की पूर्ण काळं-पांढरंही करडं दिसू लागतं. तिथे भिंगाची आणि पडद्यावरच्या शंकूपेशींच्या दाटीची हद्द येते. रुंद पट्ट्यांकडचा उतार मात्र मज्जापेशींमुळे. १९५३ मध्ये कफलर यांनी मांजराच्या पडद्यावर दाखवलं की या पेशी मधल्या उजेडाची तुलना भोवतालच्या उजेडाशी करतात. छटा हळूहळू बदलत गेली की मधलं आणि भोवतालचं जवळपास सारखंच ठरतं, आणि पेशी गप्प राहते. ओली वाळू नक्की कुठे संपते ते सांगता येत नाही, ते यामुळे.

स्नेलेनची ६/६ची ओळ या वक्रावर तीस जोड्यांपाशी, म्हणजे उजवीकडच्या उतरणीवर बसते. पेली-रॉबसन डावीकडच्या चढावर, माथ्याच्या अलीकडे. दोन्ही आकडे हातात आले की वक्राचा ढोबळ आकार कळतो. संशोधन करणाऱ्याने पट्ट्यांवर महिने घालवावेत, त्यात सौंदर्य आहे. आपल्या ओपीडीत मात्र एक चांगला अक्षरांचा तक्ता पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोवळा मोतीबिंदू ६/६ वाचू देतो आणि पायरी का लपवतो, ते आकड्यांत बघ. डोळ्यातलं धूसर भिंग उजेड विखुरतं आणि सगळ्या चित्रावर उजेडाचा एक पडदा चढवतं. तक्त्याची पाटी १००, अक्षर ५. पडद्याचे ५० मिळव: १५० आणि ५५. कॉन्ट्रास्ट ९५ टक्क्यांवरून ६३वर आला, अक्षर तरी ठसठशीतच. आता पायरीची कड: १०० आणि ९७, म्हणजे ३ टक्के. त्यावर तेच ५० मिळवले की १५० आणि १४७, म्हणजे २ टक्के. त्याचा उंबरठा सव्वादोन टक्के असेल तर पायरी गेली. संध्याकाळी उजेड उतरला की उंबरठाही वर चढतो. समोर मावळतीचा सूर्य असेल तर पडदाच दुप्पट-तिप्पट होतो.

समुद्रावरचा हिशेब याहून बोलका आहे. धुक्यात कॉन्ट्रास्ट अंतरागणिक कसा गळतो ते जर्मन हवामानतज्ज्ञ कोशमीडर यांनी १९२४ मध्ये सूत्रात बसवलं, आणि डोळ्याचा उंबरठा २ टक्के धरला. समज, हवा अशी आहे की २ टक्केवाल्या डोळ्याला आभाळासमोरचा मोठा काळा खडक ४ किलोमीटरपर्यंत दिसतो. ४ टक्के लागणाऱ्याला तोच खडक ३.३ किलोमीटरवर दिसेल, ८ टक्केवाल्याला २.६ वर. फार बिघडलं नाही असं वाटेल. आता खडकाच्या जागी करडी होडी घाल, जिचा जवळूनही आभाळाशी फरक १० टक्केच आहे. पहिल्याला ती साधारण १.६ किलोमीटरवर दिसते, दुसऱ्याला ९४० मीटरवर, तिसऱ्याला अडीचशे मीटरवरही नाही. ढोबळमानाने धरलं तर पहिला आणि तिसरा यांच्यात तक्त्यावर फक्त चार गटांचं अंतर. काळा खडक ओळखतो म्हणून तांडेलाची नजर शाबूत, असं त्याचे घरचे म्हणतील. त्यांना हे गणित सांग.

घाटातून गाडी नेणाऱ्यांनाही तपास. सिंथिया ओस्ली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोतीबिंदू असलेल्या वयस्क अमेरिकन चालकांबद्दल लिहिलं: अपघाताशी नातं जुळलं ते कॉन्ट्रास्टच्या तुटीचं, तक्त्यावरच्या बारीक अक्षरांचं नाही. आंबोलीच्या धुक्यात उतरणाऱ्याला तर हे आधी कळायला हवं.

आकडा कमी आला की लगेच मोतीबिंदूवर खापर फोडू नकोस. ऑप्टिक न्युरायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आल्यावर, ६/६ परत येतं आणि कॉन्ट्रास्ट मागेच राहतो. काचबिंदूतही तो उतरतो. एका डोळ्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा दोन गटांनी खाली असेल आणि भिंग तेवढं धूसर नसेल, तर बाहुलीची उजेडाला होणारी प्रतिक्रिया आणि रंगदृष्टी बघ, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांग.

शस्त्रक्रिया ठरली तर आणखी एक. डोळ्यात बसवायचं मल्टिफोकल भिंग आलेला उजेड दूरच्या आणि जवळच्या चित्रांत वाटून देतं, त्यामुळे कॉन्ट्रास्ट थोडा घटतोच, रात्री दिव्यांभोवती वलयंही दिसू शकतात. दुकानात बसणाऱ्याला ते चालेल. पहाटे अंधारात बंदरातून निघणाऱ्याने साधं मोनोफोकल, एकाच अंतराचं भिंग घ्यावं आणि जवळचा चष्मा खिशात ठेवावा, असं मी म्हणतो. निर्णय डॉक्टरांचा आणि पेशंटचा, पण तो कुठल्या वेळी काम करतो हे विचारायचं काम तुझं.

शस्त्रक्रियेआधीही घरात करण्यासारखं बरंच असतं. पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पांढरा पट्टा, पावसाआधी दर वर्षी. भात गडद ताटात. दिवा डोळ्यांसमोर न टांगता पायऱ्यांवर पडेल असा.

लाइट गेलेल्या एखाद्या रात्री एक प्रयोग कर. तो प्येर बुगे यांचा, १७६० साली छापलेला. तेही ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या गावातले, जहाजं आणि उजेड दोन्हींचे जाणकार. चुन्याच्या भिंतीसमोर काठी उभी कर, एक मेणबत्ती भिंतीपासून हातभर ठेव, दुसरी मागे मागे ने. दुसरीमुळे पडणारी काठीची सावली नाहीशी होईल ते अंतर मोज. बुगेंची सावली आठपट अंतरावर नाहीशी झाली. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून त्यांचा उंबरठा एक चौसष्टांश, दीड टक्क्याच्या जरा वर. तुझा काढ, घरच्या वडीलधाऱ्यांचाही काढ.

माझा लक्समीटर एस.टी.च्या पार्सलने पाठवतोय, सेल नवे घातलेत. आधी तक्त्याच्या चारही कोपऱ्यांचे लक्स मोज, मग तांडेलाला बोलाव. उजवा, डावा आणि दोन्ही मिळून, असे तीन आकडे मला कळव.