आरती म्हणता येते, ‘पाणी’ म्हणता येत नाही

प्रश्न : महोदय, आम्ही गिरगावातल्या एका जुन्या चाळीत राहतो. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तहान लागली तरी ‘पाणी’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही, त्या तांब्याकडे बोट दाखवतात. मात्र यंदा गणेशोत्सवात शेजारच्या बिऱ्हाडात आरती सुरू झाली, तेव्हा त्यांनी ती सबंध, न अडखळता म्हटली. सासरे म्हणतात, ही बाप्पाची कृपा आहे. वैद्यकीय शिक्षण घेणारा माझा पुतण्या म्हणतो, हा मेंदूचा व्यवहार आहे, इतकेच. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : सासूबाईंच्या बाबतीत जे घडले ते डॉक्टरांना अपरिचित नाही. पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. त्याला दुसऱ्याचे बोलणे पुष्कळसे समजत असे, पण स्वतः बोलू जाता ‘तान’ एवढाच उच्चार निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाला इजा झालेली आढळली. बहुतेकांच्या मेंदूत वाक्य जुळवण्याचे काम मुख्यतः डाव्या अर्ध्या भागात चालते आणि शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही तोच भाग सांभाळतो. म्हणून वाचा आणि उजवा हात अनेकदा एकाच झटक्यात जातात. आरती म्हणताना मात्र शब्द नव्याने शोधावे लागत नाहीत. बालपणापासून म्हटलेल्या त्या ओळींत चाल, ठेका आणि शब्द एकजीव झालेले असतात, एक ओळ पुढचीला ओढून आणते, आणि या कामात मेंदूची उजवी बाजू व खोलवरचे भागही हातभार लावतात. कोणाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. (अशा रुग्णांच्या तोंडून आकडे, वारांची नावे, क्वचित एखादी शिवीही स्वच्छ बाहेर पडते, हे सासऱ्यांच्या कानावर घालावे की नाही, ते आपणच ठरवावे.)

तेव्हा पुतण्याचे निदान बरोबर आहे. फक्त ‘इतकेच’ हा शब्द विज्ञानाचा नव्हे, त्याचा स्वतःचा आहे. दीड किलोहून कमी वजनाचा, सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचा आणि २० वॅटच्या दिव्याला लागेल जेमतेम तेवढ्या ऊर्जेवर चालणारा हा अवयव एका बाजूने जखमी झाल्यावरही लहानपणीची चाल जपून ठेवतो, याला ‘इतकेच’ म्हणणे आम्हाला तरी जमत नाही. सासऱ्यांनाही एक सांगणे आहे. विज्ञानाला जे अजून उमगलेले नाही तेवढ्याच जागेत देवाला बसवले, तर ती जागा दर पिढीला आक्रसत जाते. त्याऐवजी जे उमगले आहे त्याच्यापुढे हात जोडावेत. आपल्या परंपरेला ही जिज्ञासा परकी नाही: ‘ही वाणी कोणाच्या प्रेरणेने बोलली जाते?’ अशा अर्थाचा प्रश्न केनोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात विचारलेला आहे, आणि तो विचारणारा शिष्य नास्तिक नव्हता.

आरती आली म्हणजे वाचा परतली, असे समजून उपचारांत मात्र ढिलाई करू नये. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशाच निरीक्षणातून एक उपचारपद्धती तयार झाली. तीत रोजची छोटी वाक्ये साध्या चालीवर, डाव्या हाताने ताल धरून म्हणवून घेतात आणि मग चाल हळूहळू कमी करत नेतात. सर्वांनाच तिचा सारखा लाभ होत नाही, म्हणून ती सासूबाईंना उपयोगी पडेल का, हे वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. वांद्रे रिक्लेमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणदोषांच्याच क्षेत्रात काम करते. जाताना पुतण्याला बरोबर न्यावे, आणि सासऱ्यांनाही. घरी ‘पाणी हवं’ला चाल लावून सासूबाईंबरोबर रोज म्हणायला कोणीतरी लागेलच, आणि आरतीचा ठेका सासऱ्यांइतका दुसऱ्या कोणाच्या हातात बसलेला नसावा.